तुलनेचं पाणी

९ ऑक्टोबर

चि. टिटवी,

पत्र ओलं झालं असेल तर दोष बर्फाचा, माझा नाही. दोन पिशव्यांत घालून, वर रबर लावून ते बर्फाच्या खोक्यात बाटलीच्या डोक्यावर ठेवलंय. टपाल कचेरीच्या खिडकीमागे जन्म गेला. लोकांची पुस्तकं, औषधं, एकदा तर कुणाची दातांची कवळीसुद्धा मी शिक्का मारून पुढे धाडली. पण पाण्याच्या गळ्यात पत्र बांधून पाठवायची पाळी पहिल्यांदाच आली.

तू सांगून गेलीस तसंच सगळं केलं. पोहरा आधी त्याच पाण्याने विसळला, मग बाटली विसळली. ती तपकिरी बाटली काठोकाठ भरली, झाकणाखाली बुडबुडा राहू दिला नाही. ऊन लागू नये म्हणून वाऱ्यात दिवा न्यावा तशी सदऱ्याआड धरून घरात नेली. समोरच्या मावशी रहाटाशी उभ्या राहून बघत होत्या.

"काय हो, पाणी लपवून कुठे चाललात?"

"नातीला पाठवायचंय. विद्यापीठात."

"तिथे पाणी नाही?"

म्हटलं, ती पर्यावरणीय जीवरसायनशास्त्र शिकते. एवढं म्हणेपर्यंतच मला धाप लागली.

"पाण्याचंच ना काहीतरी? मग येईल तेव्हा आमचा नळ बघायला सांगा. महिनाभर ठिबकतोय."

तर, तुला एक नळदुरुस्ती आधीच मिळाली आहे.

टिटवी, तू सुट्टीत कठड्यावर पाय सोडून बसली होतीस, तेव्हा सांगितलेलं मी विसरलेलो नाही. एक नस दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की तो पुसून टाकायला एक विकर असतं. (तू एन्झाइम म्हणतेस, मी आपला शाळेतल्या शब्दाला धरून आहे.) किडे मारायची औषधं पाण्यात उतरली की ती त्या विकराचा हात धरून ठेवतात. निरोप पुसला जात नाही, एकावर एक साचत जातो. आमच्या वर्गात फळा पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी आजारी पडलो की गणितावर भूगोल लिहिला जायचा. तेव्हा मला हे तुझ्या पुस्तकापेक्षा लवकर कळलं असावं.

नदीवरच्या सहा ठिकाणांचं पाणी तू त्या विकरात घालून बघणार, आणि विकर किती मंदावतं ते मोजणार. पण मंदावलं म्हणजे कशापेक्षा? त्यासाठी एक निर्मळ ठिकाण हवं, आणि ते ठिकाण म्हणून तू आपली विहीर निवडलीस. नदीच्या बाटल्यांवर नुसते आकडे, एक ते सहा. आपल्या बाटलीवर तुझ्या अक्षरात शब्द आहे : 'तुलनेसाठी'. तो वाचायला मी चष्मा पुन्हा पुसला.

जेवत जा. विकर तुझ्या पोटातही आहेत, त्यांना रिकामं बसवू नकोस.

तुझा आजोबा


१६ नोव्हेंबर

टिटवी,

'विकराला काहीही झालं नाही, आजोबा, तुमची विहीर राणी आहे' हे तुझं वाक्य मी तुझ्या बापाला जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला मुद्दामच दाखवलं. गेलं वर्षभर त्याचं एकच टुमणं आहे : आता नळ आहे, विहिरीवर स्लॅब टाकू, स्कूटर ठेवायला जागा होईल. म्हटलं, आता विद्यापीठाला विचारावं लागेल. तो म्हणाला, "विद्यापीठाला सांगा, स्कूटर पावसात भिजते." विनोद तुला माझ्याकडून आला असं समजायचो. आता शंका येते.

आमच्या चौथीच्या पुस्तकात आडावर एक कविता होती. कवीचं नाव पानाबरोबर फाटून गेलं होतं, म्हणून गुरुजी म्हणायचे, ही आडानेच लिहिली असं समजा. त्यातलं एक कडवं अजून जिभेवर आहे :

आभाळाचा तुकडा एक
ठेवियला मी तळाशी,
पोहऱ्याने ढवळू नको,
फुटेल तो रे हाताशी.

तुझी आजी नवी नवी या घरात आली, तेव्हा ती पाणी काढताना मी हे म्हणायचो. ती म्हणायची, "न ढवळता पाणी कसं काढायचं ते तुमच्या कवीला विचारा, नाहीतर त्यालाच आत उतरवा." तुझा शास्त्राचा ओढा माझ्याकडून आलेला नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

बाकी इकडे नवीन म्हणजे, आपल्या विहिरीच्या पलीकडची मोकळी जागा आता मोकळी राहिली नाही. मावशींचा मुलगा तिथे घर बांधतो आहे. पाया खणून झाला. परवा दोन माणसं येऊन वाळवीचं औषध खड्ड्यांत ओतून गेली. पिंपच्या पिंप! दिवसभर नाकात वास होता. मुलगा भला आहे. तळाशी उरलेलं औषध "आजोबा, तुमच्या मागच्या दाराची चौकट पोखरली आहे ना?" म्हणून डब्यातून आणून दिलं. मी लगेच ब्रश मारून घेतला. फुकट ते पौष्टिक.

या महिन्याची बाटली याच खोक्यात आहे. बुडबुडा नाही.

आजोबा


२० डिसेंबर

टिटवी,

तुझं पत्र मिळालं. विकर मंदावलं म्हणतेस. आपल्या विहिरीच्या पाण्याने?

रागावू नकोस, पण बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. आमच्या कचेरीत कसलेली माणसं होती, तरी एकाचं लग्नाचं आमंत्रण दुसऱ्याच्या घरी जायचं. तिथे तर तुम्ही सगळी पोरं. तुझ्या गाईडबाईंना सांग, नदीची बाटली आणि आपली बाटली पुन्हा बघा म्हणावं.

तरी तू म्हणतेस तसं पुन्हा पाठवतो आहे. एक वरचं पाणी, एक तळाजवळचं. तळाचं काढायला दोरीला दगड बांधला. बरंच खोल गेलं. पोहरा वर आला तेव्हा त्यात आभाळ दिसत होतं, आणि माझं तोंड. दोन्ही स्वच्छ होती.

पाणी मी रोज सकाळी पितोच आहे. अजून कवितेची एक ओळ विसरलेलो नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

आजोबा


१८ जानेवारी

टिटवी,

दोन्ही बाटल्या तशाच निघाल्या, हे तू एका ओळीत लिहिलंस. पुढची तीन पानं गाईडबाई काय म्हणाल्या त्याची. मी ती वाचली, मग चहा गार झाला, मग पुन्हा वाचली.

मला कळलं ते असं. तुलनेचं ठिकाणच मलीन निघालं, तर नदीच्या सहा ठिकाणांचे आकडे कशाला टेकवायचे? भिंतीला टेकून शिडी उभी केली आणि भिंतच हलली. उन्हाळ्याच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर तुझ्यासाठी राखलेली त्या मोठ्या प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याला जाणार. तुझ्या अक्षरात शेवटी एक वाक्य होतं : 'आजोबा, मला फक्त एक स्वच्छ ठिकाण हवं आहे हो.' लहानपणी जत्रेत हरवली होतीस, तेव्हा सापडल्यावर याच आवाजात म्हणाली होतीस, मला फक्त घरी जायचंय.

मी स्वस्थ बसलो नाही. तुझ्या बापाला स्कूटरवर मागे बसवलं, म्हणजे त्याने मला बसवलं, आणि टेकडीपलीकडच्या झऱ्यावर गेलो. शाळेची सहल तिथे जायची. ओंजळीने पाणी प्यायचो आणि गुरुजी कविता म्हणायला लावायचे. झरा आहे अजून. त्याच्या वरच्या अंगाला बागा झाल्या आहेत. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस झाडांवर औषध मारत होता. त्याला विचारलं, हे पाणी पितोस का? तो म्हणाला, "हात धुतो, आजोबा. पिण्याचं मी घरून आणतो. खाली गावात विहिरी आहेत ना, तिथलं."

त्याच्याच बाटलीतलं पाणी आम्ही दोघं घोटघोट प्यायलो आणि परत आलो. घराशी उतरताना तुझा बाप म्हणाला, "बाबा, त्या पायाच्या खड्ड्यांत ओतलेलं औषध आठवतं?" मी म्हटलं, आठवतं. मागच्या दाराची चौकट माझ्याकडे बघत होती.

कुणावर रागावू, टिटवी? तो मुलगा वाळवीला भ्याला, मी वाळवीला भ्यालो. पंपवाला किडीला भितो. सगळे आपापली चौकट वाचवताहेत.

पण तू धीर सोडू नकोस. पाणी निवळतं. पुढची बाटली चांगली निघेल, असं मला आतून वाटतं. आज बापाच्या स्कूटरच्या बॅटरीसाठी दुकानात जाऊन आलो, तिथेच हा विचार मनात आला.

आजोबा


२ फेब्रुवारी

टिटवी,

घे. विहीर निवळली. सकाळी डोकावलो तर तळाचा खडा न् खडा दिसत होता. एक बाटली पाठवतो आहे, एक पुरे.

पुन्हा पुन्हा बघत बसू नकोस. एकदा चांगलं निघालं की मान्य करावं. गाईडबाईंना माझा नमस्कार.

हवा छान आहे. मावशींचा नळ अजून ठिबकतो.

आजोबा


१९ फेब्रुवारी

टिटवी,

तुझा फोन आला तेव्हा मी झोपाळ्यावर होतो. उठून उभा राहिलो. का कोण जाणे, बसून बोलवेना.

तू रागावून बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू हळू विचारलंस, "आजोबा, हे पाणी कुठलं?"

मी म्हटलं, "विहिरीचं."

"आजोबा, विहिरीच्या पाण्यात दगडाचं काहीतरी उतरतं. चुना, मीठ, काहीतरी. त्यातून वीज जाते. यातून जातच नाही. यात काहीच नाही. विकराला काही झालं नाही हे खरं, पण या पाण्यात एक शेवाळाचा कणसुद्धा जगणार नाही. असं पाणी जमिनीत नसतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आहे ना?"

कविता पाठ असून ऐन वेळी वर्गात उभं राहिल्यावर तोंडचं पाणी पळायचं, तसं झालं. मी "हो" म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही. फोनवर मान हलवून काय कळणार? पण तुला कळलं.

दुकानदाराने विचारलं होतं, "आजोबा, एवढं निवडून कशाला घेताय? सगळ्या डब्यांत तेच पाणी." मी म्हटलं होतं, "सगळ्यात स्वच्छ कुठलं?" तो हसला. "यापेक्षा स्वच्छ झालं तर ते पाणीच राहणार नाही." त्याचं ऐकायला हवं होतं.

मला वाटलं, एक बाटली. एका बाटलीने कोणाचं काय जातं? तू निश्चिंत होशील, प्रबंध पुरा होईल, आणि विहीर पुढे आपोआप निवळेलच, म्हणजे खोटं उशिरा का होईना खरं होईल. टपालात आम्ही कधीकधी उद्याचा शिक्का आज मारायचो, तसं.

मग तू म्हणालीस, गाईडबाईंना सांगावं लागेल. मी म्हटलं, "सांगायलाच हवं का गं?" हे मी का म्हटलं? तू म्हणालीस, "हो." आणि पुढे म्हणालीस की एक बाटली खोटी निघाली की त्याच हाताने भरलेल्या सगळ्या बाटल्या बाद होतात, ऑक्टोबरपासूनच्या. चांगल्याही आणि वाईटही.

ऑक्टोबरची खरी होती, टिटवी. नोव्हेंबर-डिसेंबरच्याही खऱ्या होत्या. पण हे आता मी सांगून काय उपयोग!

आजोबा


३ एप्रिल

टिटवी,

आता बर्फाचं खोकं नाही, म्हणून हे साध्या टपालाने. तिकीट मीच चिकटवलं, शिक्का मारायला आतला माणूस माझा जुना सोबती निघाला. त्याने विचारलं, "नातीला? उत्तर येतं का?" मी म्हटलं, "अभ्यासात आहे." त्याने पुढे विचारलं नाही. टपालातली माणसं पाकिटाच्या वजनावरून ओळखतात.

तू बापाला फोन करतेस, मला ऐकू येतं. तो आतल्या खोलीत जाऊन बोलतो आणि बाहेर येऊन "बरी आहे" एवढंच सांगतो. काल मीच खोदून विचारलं. तेव्हा कळलं, या उन्हाळ्यात प्रबंध नाही. ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. तुला पुन्हा वर्षभर पाणी गोळा करावं लागणार, आणि तुलनेचं पाणी आता गाईडबाई प्रयोगशाळेतच करून घेणार आहेत, शुद्ध पाण्यात मोजून क्षार घालून. म्हणजे स्वच्छ ठिकाण शेवटी काचेच्या बरणीतच सापडलं. मी निम्मा बरोबर होतो, असं माझ्या मनात आलं. लगेच लाज वाटली.

मावशींना सांगून टाकलं. त्या अजून आपल्याच विहिरीचं पाणी प्यायला नेत होत्या. नळाच्या पाण्याने त्यांची तहान भागत नाही म्हणे. म्हटलं, "मावशी, नका नेऊ. पाणी बिघडलंय."

"कोण म्हणतं?"

"नात म्हणते. तपासलंय तिने."

"मग कशाने बिघडलं तेही सांगितलं असेल."

मी त्यांच्या मुलाच्या नव्या घराकडे पाहिलं. रंग लागला आहे आता. नातवंडांची पावलं ओल्या सिमेंटात उमटलेली तशीच ठेवली आहेत. त्यांनीही तिकडे पाहिलं. मग घागर काखेतून काढून कठड्यावर पालथी ठेवत त्या म्हणाल्या, "मग आता काय, पाया उकरू?"

याला उत्तर तुझ्या पुस्तकात असेल तर कळव. माझ्या पुस्तकांत नाही. आमच्या सगळ्या कवितांत नद्या खळाळतात, झरे गातात, आडात चांदणं पडतं. पाणी बिघडल्यावर काय म्हणायचं, हे एकाही कवीने आम्हाला पाठ करायला दिलं नाही.

स्लॅबचं ठरलं आहे. तुझ्या बापाने विचारलं, मी "टाक" म्हटलं. तो मात्र अजून माणूस बोलवत नाही. रोज 'उद्या' म्हणतो. स्कूटर बाहेरच भिजते.

माझं अक्षर जरा हललं आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. वय झालं की हात थरथरतो. पाण्याशी त्याचा संबंध नाही. लावूही नकोस. पाणी मी कधीच सोडलं, मावशींना सांगितलं त्याच दिवशी.

म्हणजे परवा.

आजोबा


११ जून

टिटवी,

आज खोकं आलं.

पोस्टमन दारात म्हणाला, "रिकामंच वाटतंय, आजोबा." मी ते हलवून पाहिलं. आत काचेवर काच वाजली. तुझा बाप आणि मी, दोघांनी मिळून पट्टी कापली. पत्र असेल म्हणून मी बर्फाच्या रिकाम्या पिशव्यांखाली पाहिलं, झाकणाच्या आत पाहिलं, खोकं उलटं करून झटकलं. पत्र नव्हतं. नुसत्या बाटल्या, वर्षभर पुरतील इतक्या, तपकिरी, धुतलेल्या, प्रत्येकीला लेबल.

तुझं अक्षर मी अंधारातही ओळखीन. 'तुलनेसाठी' लिहिलेलं नाही. प्रत्येकीवर एकच आहे : 'ठिकाण ७'.

मी ते बापाला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे विहीर आता नदीच्या रांगेत बसवली तिने." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "बाटल्या भरायला माझंही नाव सांगता आलं असतं तिला. तुमच्या नावावर पाठवल्या." एवढं बोलून तो उठला, फोन लावला, आणि स्लॅबवाल्याला म्हणाला, वर्षभर येऊ नका.

मी रहाटाशी गेलो. मावशी त्यांच्या ओट्यावर होत्या. पोहरा विसळला, बाटली विसळली. पाण्यात आभाळ होतं. पूर्वीसारखंच निळं, काही कमी नाही. त्यात काय उतरलंय ते डोळ्यांना दिसत नाही, हेच तर तू शिकते आहेस. मी कडवं म्हणायला तोंड उघडलं आणि 'ढवळू नको'पाशी थांबलो. ढवळल्याशिवाय पाणी येत नाही, हे तुझी आजी केव्हाच सांगून गेली आहे. पोहरा सोडला. आभाळ फुटलं, पाणी वर आलं.

बाटली काठोकाठ भरली. हात हलत होता, म्हणून थोडं सांडलं, पुन्हा भरली. झाकणाखाली बुडबुडा नाही. लेबलावर आकड्याशेजारी बरीच कोरी जागा आहे. तिथे पेन्सिलीने तोच जुना शब्द लिहावासा वाटला. पेन्सिल आणलीही होती. लिहिला नाही.

पाणी जसं आहे तसं पाठवतो आहे.

आजोबा